मोंघीबेनचा सकाळचा निरोप

गीरजवळच्या केरियाळ्याच्या मोंघीबेन क्याडांना लिहायचा भारी कंटाळा. वाचता येतं, बँकेत गेल्या तर कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पण मोबाइलवर एकेक अक्षर दाबत बसणं त्यांना गव्हातले खडे वेचल्यासारखं वाटतं. म्हणून त्या बोलतात. सकाळचं दूध डेरीवर घालून आल्या की गोठ्याच्या कठड्यावर टेकायचं, फोन तोंडाशी धरायचा आणि एका दमात सुरू करायचं.

"जय श्रीकृष्ण सगळ्यांना. आमच्याकडे आभाळ आलंय, पण पडायचं लक्षण दिसत नाही. भुरी म्हैस व्याली, पारडी झाली, दोघी खुशाल आहेत. पाइपवाल्या कंपनीचा निकाल चांगला लागला म्हणतात, पण आमच्या दुकानदाराकडे माल तसाच पडून आहे. म्हणून मी थांबलेय. कुणी शेअर घेतला असेल तर कळवा."

मागे म्हैस हंबरायची, बादली वाजायची, आणि हा निरोप सावरकुंडल्यापासून उन्यापर्यंत दहा-बारा घरांत ऐकला जायचा.

ग्रुपचं नाव होतं 'बाजार आणि वाडी'. तो काढला होता सावरकुंडल्याच्या एका शेअरदलालाने, गिऱ्हाइकांना टिपा द्यायला. त्याच्याच टिपांनी तो बुडाला आणि दुकानाला कुलूप लावून सुरतेला निघून गेला. गिऱ्हाइकं मात्र ग्रुपमध्ये तशीच राहिली. शेअरच्या निमित्ताने बोलायची आणि बोलता बोलता कपाशीची बोंडअळी, लेकीचं बाळंतपण, सोसायटीची निवडणूक, सगळं यायचं. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, पण कुणाची गाय आटली आणि कुणाचा गुडघा दुखतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मोंघीबेन यात आल्या त्या जावयामुळे. त्याने सासूबाईंचं शेअरचं खातं काढून दिलं आणि म्हशींच्या पैशातले थोडे पैसे त्यात जाऊ लागले. नवरा वल्लभभाई पक्का शेतकरी. त्याचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"माझी म्हैस दूध देते," तो म्हणायचा. "तुझी ही फोनमधली म्हैस शेण तरी देते का गं? गोवऱ्या तरी थापल्या असत्या."

"दक्षाचे बापू, तुमच्या कपाशीने गेल्या साली काय दिलं ते आधी सांगा," मोंघीबेन लेकीच्या नावाने हाक मारत म्हणायच्या. मग वल्लभभाईला एकदम बैलांना पाणी दाखवायची आठवण व्हायची.

ग्रुपमध्ये मान होता तो हरकिशन मास्तरांना. समुद्राकडच्या कोठारडी गावचे, निवृत्त शिक्षक. बायको गेलेली, मूलबाळ नाही, केसर आंब्याची बाग आणि ते. मास्तर कधी बोलत नसत, फक्त लिहीत, आणि लिहीत ते छडी मारल्यासारखं. कुणाचं शुद्धलेखन चुकलं तरी सोडायचे नाहीत. मोंघीबेननी एकदा लग्नाच्या हॉलमधली फरशी आवडली म्हणून फरशीच्या कंपनीचे शेअर घेतले आणि ते गडगडले, तेव्हा मास्तरांनी लिहिलं, "बेन, लग्नाला माणसं जेवायला जातात, फरश्या बघायला नाही." सगळे हसले. मोंघीबेनही गोठ्यात एकट्याच खदखदून हसल्या होत्या.

पण पुढच्या हिवाळ्यात बिनसलं. मास्तरांनी औषधाच्या एका छोट्या कंपनीचं फार कौतुक चालवलं होतं. मोंघीबेननी सरळ विचारलं, "मास्तर, ती कंपनी नेमकं बनवते काय? आणि मालक कोण?" त्यावर उत्तर आलं, "म्हशी राखणाऱ्यांनी यात न पडलेलं बरं."

मोंघीबेननी ते दोनदा वाचलं. म्हशी राखण्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती; म्हशींवर त्यांनी दोन मुलींची लग्नं केली होती. पण ज्या माणसाची थट्टा त्या घरच्या माणसाची समजून ऐकत आल्या होत्या, त्याने मनात आपल्याला कुठे ठेवलंय हे कळलं, ते लागलं.

त्या दिवसापासून अबोला. तोही असा की सगळ्या ग्रुपला करमणूक. सावरकुंडल्याला काटे आणि वजनं बनवणारे कुतुबभाई व्होरा हे मधले. मोंघीबेन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायच्या, "कुतुबभाई, मास्तरांना सांगा, त्यांच्या बागेत मोहोर गळत असेल तर पाणी तोडा म्हणावं." आणि मास्तर त्याखाली लिहायचे, "कुतुबभाई, बेनना कळवा, बाग माझी आहे."

"अरे बाबा, मी काटे विकतो, टपाल वाटत नाही," कुतुबभाई म्हणायचे. पण दोघांनाही सोडायचे नाहीत.

मग वैशाखात वादळ आलं. कोरोनाचं दुसरं वर्ष, माणसं आधीच घाबरलेली, त्यात समुद्र उठला. केरियाळ्यात गोठ्याचे पत्रे उडाले, चिंच आडवी झाली, विजेचे खांब काडीसारखे मोडले. गुरं वाचली हेच नशीब. फोन मेले ते मेलेच. वल्लभभाईने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर कसाबसा फोन चार्ज करून दिला, तेव्हा ग्रुपमध्ये एकेक जण परत उगवू लागला होता. कुणाचं छप्पर गेलं, कुणाची केळी झोपली. हळूहळू खुशालीची विचारपूस संपली आणि बाजाराची बोलणी सुरू झाली. बाजार नेमका त्याच आठवड्यात चढला होता. जो तो खूश.

मोंघीबेन मात्र एकच गोष्ट बघत होत्या. मास्तरांच्या नावावर त्यांनी न राहवून एक निरोप टाकला होता, अबोला गुंडाळून ठेवून: "मास्तर, बरे आहात ना?" त्याच्यापुढे एकच खूण होती. निरोप पोचल्याची दुसरी उमटतच नव्हती. रोज सकाळी बघायच्या, एकच.

"समुद्राकडे अजून लाइट नसेल," ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणालं. "येतील. आणि आल्या आल्या आपल्या चुका काढतील."

मोंघीबेनना हसू आलं नाही. त्यांनी कुतुबभाईंना फोन लावला.

"कुतुबभाई, तुमचा टेंपो चालू आहे का?"

"आहे की. का हो?"

"कोठारडीला जायचं."

"बेन, मास्तर तुमच्याशी बोलत नाहीत."

"मग मी कुठं बोलायला चाललेय? बघून येते फक्त."

वल्लभभाई ऐकत होता. तो म्हणाला, "त्या मास्तरासाठी? ज्याने तुला म्हशीवरून टोमणा मारला?"

"टोमणा मारायला तो जिवंत असला पाहिजे ना," मोंघीबेन म्हणाल्या आणि बाजरीचं पीठ काढायला आत गेल्या.

वल्लभभाईने करवत, कुऱ्हाडी आणि दोरखंड उचलले आणि अंगणात आणून ठेवले.

सकाळी तिघं निघाले. टेंपोत पाण्याचे कॅन, बाजरीचे जाड रोटले, गूळ-तुपाची सुखडी, तिथल्या गुरांसाठी कडब्याच्या पेंढ्या. कुतुबभाईंनी कारखान्यातली जड उचलायची साखळी-कप्पीही घेतली होती, का घेतली ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, म्हणाले, "लोखंडवाला माणूस, लोखंड घेतल्याशिवाय घरातून निघवत नाही." गीरच्या जंगलाच्या कडेने जसजसे खाली उतरले, तसतशी बोलणी थांबत गेली. रस्त्यावर झाडं, शेतात झाडं, घरांवर झाडं. नारळ मधोमध पिळून तुटलेले. दोन ठिकाणी उतरून फांद्या तोडाव्या लागल्या तेव्हा टेंपो पुढे सरकला.

कोठारडीत एका म्हातारीने हात दाखवला. "मास्तर बागेत आहे. घराचं छप्पर गेलंय, पायाला लागलंय. आम्ही भाकरी नेतो तर कुत्र्याला घालतो. बोलतच नाही बघा कुणाशी."

बाग कसली, लाकडांचा ढीग होता. मोठमोठी केसरची झाडं एकाच दिशेला निजलेली, मुळं उघडी, आणि जमिनीवर कच्च्या कैऱ्यांचा सडा, उन्हाने काळा पडलेला. आंबूस वास कोंदला होता. पंपाच्या खोलीच्या दाराशी एक बारका, टकलू माणूस पाठमोरा बसला होता. पायाला मळकी पट्टी. मोंघीबेनच्या मनातले मास्तर उंच, ताठ, भरघोस मिशांचे होते. हे भलतंच कुणी असावं असं वाटून त्यांनी विचारलं, "अहो भाई, हरकिशन मास्तर कुठं भेटतील?"

माणूस वळला नाही. पण त्याचे खांदे हलले.

"मोंघीबेन?" तो म्हणाला. "म्हैस कुठंय? तुमच्या आवाजामागे म्हैस असते."

मोंघीबेन त्याच्यासमोर मातीतच बसल्या. मास्तरांचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. घोगरा आणि अगदी साधा. छडीचा त्यात मागमूस नव्हता.

"फोन?" कुतुबभाईंनी विचारलं.

"विहिरीत टाकला," मास्तर म्हणाले. "कुणाला काय सांगायचं? बायकोच्या हातची झाडं होती. मी शाळेत जायचो, ती पाणी घालायची. पोरं नाहीत म्हणून कुणी काही बोललं की म्हणायची, ही काय इतकी उभी आहेत."

सांत्वन करणं मोंघीबेनना जमत नाही. त्यांनी तीन दगड मांडले, चहा केला आणि सुखडीचा तुकडा मास्तरांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "खा. मी इतक्या लांबून कुत्र्यासाठी आणलेली नाही."

मास्तरांनी खाल्ली.

तोवर वल्लभभाई बागेत फिरत होता. एका झाडापाशी वाकायचा, नखाने साल खरवडायचा, मुळाशी हात घालायचा, पुढच्याकडे जायचा. परत आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते.

"मास्तर, कोण म्हणालं तुमची झाडं मेली?"

"डोळ्यांनी दिसतंय की."

"डोळ्यांनी निजलेली दिसतायत. अर्धी मुळं जमिनीतच आहेत, साल आतून हिरवी आहे. फांद्या छाटायच्या, उभं करायचं, टेकू द्यायचा, माती भरायची, खोडाला चुना फासायचा. सगळी नाही वाचणार, सरळ सांगतो. पण हे सरपण नाही. आणि करायचं तर आत्ता, मुळं सुकायच्या आत."

"उभं कोण करणार?" मास्तरांनी विचारलं. "हत्ती लागेल."

कुतुबभाई एकदम टेंपोकडे पळाले.

त्या दुपारी साखळी-कप्पीने पहिलं झाड उचललं गेलं. कुरकुरत, माती सांडत ते इंचाइंचाने वर आलं. मास्तर लंगडत आले आणि दोन्ही हातांनी खोडाला धरून उभे राहिले, जणू त्यांच्या धरण्यानेच ते थांबणार होतं. वल्लभभाई ओरडला, "मास्तर, बाजूला व्हा, पडलं तर दोघांना उचलावं लागेल!" आणि मास्तर त्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

गावात टेकडावर गेलं की थोडी रेंज यायची. मोंघीबेन तिथे गेल्या आणि त्यांनी निरोप टाकला. "मास्तर सापडले. बाग पडली आहे, पण उभी करता येते. ज्याला जमेल त्याने यावं, जेवण मी करीन. बाजार तुमच्यावाचून खाली-वर होत राहील."

लोक आले. सगळे नाही, पण आले. पाइपच्या शेअरवरून एकमेकांना मूर्ख ठरवणारे दोघं जण एकाच मोटरसायकलवरून आले. एकाने डिझेल इंजिन आणलं, त्यामुळे वीज नसतानाही विहिरीचं पाणी झाडांना मिळालं. कोठारडीची माणसं आपापली छपरं शाकारून संध्याकाळी हात लावायला यायची. मोंघीबेननी त्या दिवसांत किती रोटले थापले कुणास ठाऊक. घरी म्हशींचं दूध शेजारीण काढत होती, आणि तिला रोज फोन करून मोंघीबेन आधी म्हशींची आणि मग घराची चौकशी करायच्या.

मास्तरांनी माफी वगैरे मागितली नाही. ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण एके सकाळी मोंघीबेन पीठ मळत असताना ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "बेन, ती औषधाची कंपनी काय बनवते, ते मलाही माहीत नव्हतं. एका विद्यार्थ्याने सांगितलं म्हणून तिचे शेअर घेतले होते."

"मग? बुडाले?"

"चांगलेच."

"ठेवलेत की विकलेत?"

"ठेवलेत. विकले तर चूक कबूल करावी लागते."

मोंघीबेननी पिठाचा हात कपाळाला लावला आणि इतक्या हसल्या की वल्लभभाई काय झालं म्हणून धावत आला.

पुढचा उन्हाळा आंब्यावाचूनच गेला. उभ्या केलेल्या झाडांपैकी काही पावसाळ्यात वाळली, बाकीच्यांनी नुसती पालवी धरली. मास्तरांनी वाळलेल्यांच्या जागी कलमं लावली, नवा फोन घेतला आणि ग्रुपमध्ये पुन्हा लोकांच्या चुका काढू लागले. मोंघीबेनच्याही काढायचे. फक्त आता त्या बोलल्या की उत्तर लिहून न देता बोलून द्यायचे.

त्याच्या पुढच्या साली झाडांना फळ आलं, थोडंच. मास्तर दोन पेट्या घेऊन एसटीने स्वतः केरियाळ्याला उतरले. मोंघीबेननी त्यांच्यासाठी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोटला केला होता. जेवण झाल्यावर मास्तर आणि वल्लभभाई खाटेवर जे बसले ते उठेनात. कपाशी सोडून शेंगदाणा करावा का, विहीर खोदावी की बोअर मारावी, गोमूत्र कीड मारतं की नुसता वास मारतं. मोंघीबेन भुरीच्या नव्या पारडीचं डोकं मांडीवर घेऊन मधूनच आपलं म्हणणं घुसडत होत्या. तिघांचे फोन आत फळीवर पडले होते. त्या दिवशी बाजार सपाटून आपटला. संध्याकाळी कुतुबभाईंनी शेजाऱ्याच्या फोनवर घाबऱ्याघाबऱ्या विचारणा केली, तेव्हा कुठे त्यांना ते कळलं.

"आपटला का?" मास्तर म्हणाले. "बरं. वल्लभभाई, तर तुम्ही बोअरचं काय म्हणत होता?"