बत्त्याने कुटलेला पीच पाय

टेक्सासच्या फ्रिस्को गावातल्या आमच्या सबडिव्हिजनमध्ये पायचं पीठ बत्त्याने कुटणारी मी पहिलीच बाई. याचा मला अभिमान नाही, पण कुणी विचारलंच तर मी नाकारतही नाही.

आमच्या शेजारी डोरोथी राहते. पंचाहत्तरीची, एकटी, बोलायला गोड. दर जुलैत तिची थोरली बहीण मार्था ओक्लाहोमाहून येते आणि डोरोथी त्यांच्या आजीचा, म्हणजे ग्रॅनीचा, पीच पाय करते. मार्था एक घास खाते आणि दर वर्षी एकच वाक्य बोलते, "छान झालाय, पण ग्रॅनीसारखा नाही." (बहिणी टेक्सासच्या असोत की साताऱ्याच्या, शेवटी बहिणीच!)

यंदा मार्था यायच्या तोंडावर डोरोथी बागेत घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

"या वर्षी पाय कॅन्सल," कुंपणापलीकडून ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "मार्था थकलीय आता. पुढच्या वर्षी येईल, न येईल. एकदा तरी तिच्या तोंडून ऐकायचं होतं, 'अगदी ग्रॅनीसारखा' म्हणून."

आता माझा स्वभाव! कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की डोक्याला न विचारता माझं तोंड बोलून मोकळं होतं.

"कॅन्सल कशाला? मी करते ना! तुम्ही फक्त सांगा."

मी जन्मात काही बेक केलेलं नव्हतं. आमच्या घरी ओव्हनचा उपयोग कढया आणि तवे ठेवायला होतो. पण डोरोथीने समजावून सांगितलं, की खाली मैद्याची पारी, वर मैद्याची पारी आणि मध्ये पीचचं गोड सारण.

"म्हणजे करंजीच की!" मी ओरडले. तिथेच सगळा घात झाला.

मार्था यायच्या आदल्या दिवशी डोरोथी माझ्या किचनमध्ये बसून सूचना देत होती. लोणी गार, पाणी बर्फाचं, हात हलका. "बस! आता हात काढ. ग्रॅनीचीच रेसिपी आहे. फ्रिजमध्ये ठेव आणि उद्यापर्यंत त्याला छळू नकोस." मी भांड्यात पाहिलं. भेगाळलेला गोळा आणि त्यात लोण्याचे खडे. आमच्याकडे नव्या सुनेने असं पीठ भिजवलं असतं तर तिच्या माहेरी फोन गेला असता!

डोरोथी घरी गेली आणि माझ्या आईने फ्रिज उघडला. (आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती, आणि घरात सुधारण्यासारखं काही उरलं नाही म्हणून जरा हिरमुसलेली होती.)

"अगं, हे पीठ भिजवलंयस की सांडलंयस?"

"असंच असतं ते, आई."

"आज्जी, डोन्ट टच इट! इट्स सपोज्ड टू बी लाइक दॅट!" माझी लेक इरा किंचाळली.

"काय म्हणतेय ही?"

"हात लावू नकोस म्हणतेय."

"नाही लावत, बाई! मला काय करायचंय? चार माणसांत शोभा होईल ती तुझी. म्हणतील, आईने साधं पीठ मळायला शिकवलं नाही."

झालं! "जरासं एकसारखं करते फक्त," असं म्हणत मी गोळा बाहेर काढला. आणि एकदा पिठात हात गेल्यावर तो माझा हात राहिलाच नाही. मळलं! तळव्याने रेटून, मुठीने दाबून, अगदी जीव लावून मळलं.

आईने बोट टोचून पाहिलं. "करंजीचं ना? मग कुटायला नको? कुटल्याशिवाय पारी खुसखुशीत कशी होईल?"

कुटायचं ते रव्याचं पीठ, हे मला आता आठवतंय. त्या वेळी मात्र ते इतकं पटलं, की मी खलबत्त्यातला बत्ता काढला. इरा म्हणाली, "ममा, आय ॲम नॉट पार्ट ऑफ धिस," आणि कानांत इअरफोन घालून वर निघून गेली. कुटून कुटून पीठ रेशमासारखं झालं. आई म्हणाली, "आता कसं!" आणि ओलं फडकं घालून तिने ते ओट्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते पीठ लाटता लाटेना. ताटाएवढी पारी लाटावी, तर लाटणं उचलताच ती बशीएवढी व्हायची! शेवटी एका बाजूने आईने धरलं, दुसऱ्या बाजूने मी ओढलं, आणि कसंबसं सारण झाकलं. कडेला आईने अशी सुबक मुरड घातली, की दृष्ट काढावी. मग मी ऐटीत ओव्हन लावला आणि आतल्या तव्याचं हँडल वितळून स्मोक अलार्म कोकलायला लागला.

"किती शिट्ट्या करायच्या?" आईने विचारलं.

दुपारी डोरोथीच्या टेबलावर पाय विराजमान झाला. मुरड बघून दोघी बहिणी हरखल्या. डोरोथीने डाव्या हाताने सुरी लावली. सुरी सरकली. तिने जोर लावला, तर अख्खा पाय टेबलावरून आईच्या दिशेने निघाला. मग मार्था उठली, स्टेक कापायची सुरी घेऊन आली आणि तिने करवतीसारखी चालवली. वरची पारी डब्याच्या झाकणासारखी अखंड वर आली!

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "चूक माझीच," मी पुटपुटले. "तुम्ही नको म्हणालात, तरी मी पीठ मळलं. आणि कुटलंसुद्धा."

"कुटलं?" डोरोथीचा चेहरा पांढराफटक पडला.

मार्थाने तुकडा तोंडात टाकला आणि चावायला लागली. चावतेय, चावतेय, आम्ही तिघी श्वास रोखून तिच्या जबड्याकडे बघतोय. एकाएकी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दात गेला, मला वाटलं.

"डॉटी!" ती डोरोथीला म्हणाली. "अगदी ग्रॅनीसारखा!"

डोरोथीने तोंडावर हात ठेवला आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली. काही कळत नव्हतं, तरी मीही रडून घेतलं.

"तू फार लहान होतीस, तुला आठवायचं नाही," मार्था डोळे पुसत म्हणाली. "ग्रॅनीचा पाय कुणाला चावताच यायचा नाही! ग्रँडपाचा दात पडला होता त्यात. आम्ही कॉफीत बुडवून खायचो. ती गेल्यावर आपल्या आईने गुपचूप रेसिपी सुधारली. इतकी वर्षं तू आईचा पाय करत होतीस, वेडे!"

दोघी रडता रडता हसायला लागल्या. मग मार्थाने माझे दोन्ही हात हातात घेतले. "अख्ख्या काउंटीत इतका वाईट पाय फक्त ग्रॅनी करायची. तुला कसा काय जमला?"

"काय म्हणतायत?" आईने कोपराने ढोसलं.

"आवडला म्हणतायत."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

डोरोथीचा हात आता ठणठणीत बरा आहे. तरी पुढच्या जुलैत पीचची टोपली माझ्याच दारात येणार, असं दोघी बहिणींनी ठरवून टाकलंय. चांगला पाय करणाऱ्या बायका फ्रिस्कोत पैशाला पासरी मिळतील हो, पण इतक्या खात्रीने बिघडवणारी मी एकटीच!