खंडेनवमीला दाराबाहेर

"तू बाहेर थांब. कालच जनावर कापून आलीयस."

"आंघोळ केलीय, सर."

"तरीही."

खंडेनवमी होती. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची पूजा होते. झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकू. मी काचेच्या दाराबाहेरून बघत होते. काल गडमुडशिंगी गावात माझ्याबरोबर नमुन्यांचा डबा धरून उभा असलेला संशोधक आत होता. आरतीचं ताट त्याच्याच हातात. लंपी रोगानं मेलेल्या बैलाच्या कातडीचे तुकडेही आतल्या फ्रीजमध्येच होते. ते चालत होते.

माझे आजोबा गावची मेलेली जनावरं ओढायचे. वडील एसटीत ड्रायव्हर झाले ते यासाठीच, की पुढं कुणाला ते करावं लागू नये. मी पीएचडीला आले, आणि सरांनी पहिल्याच महिन्यात सुरी माझ्या हातात दिली. "तू जा. तुमच्यात सवय असते." मी गेले. विज्ञानाचं काम आहे, असं स्वतःला समजावलं. कालच्या बैलाचा मालक नाकाला टॉवेल लावून लांब उभा होता. म्हणाला, "बाई, तुमास्नी वास येत न्हाय व्हय?"

"येतो की," मी म्हणाले.

पूजेनंतर फोटोंचं काम सुरू झालं. विषाणू बर्फाच्या पातळ थरात गोठवायचा, थोडा थोडा कलता करत फोटो काढायचे, ते जुळवून त्याचा आकार उभा करायचा. लंपीच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं. काहींवर त्याच्याही वरून आणखी एक आवरण असतं, काहींवर नसतं. सरांना सगळे एकसारखे हवे होते. "दुहेरीवाले काढून टाक. चित्र स्वच्छ दिसलं पाहिजे." मी काढत बसले, जोंधळ्यातले खडे निवडावेत तसे.

एका दुपारी हात थांबला. हे खडे नव्हतेच. हेही त्याच बैलाच्या अंगातून आले होते, त्यांनीही त्याला मारलं होतं. उद्या कुणी या चित्रावर भिस्त ठेवून लस करायला बसला, तर त्याला हे दिसणारच नव्हते. आणि त्यांना दाराबाहेर काढणारी मी होते. राग आला. सरांवर होताच. त्याहून जास्त स्वतःवर.

"सर, मी एकही काढणार नाही. काढलेले परत घेतलेत. दोन्ही प्रकार लिहायचे."

सर हसले. "प्रबंधावर सही कोण करतो, माहितीय ना?" मग फोन बघत म्हणाले, "पेठ वडगावात आणखी एक जनावर पडलंय. सकाळी जा."

"जाते. तुम्हीही चला. या वेळी सुरी तुम्ही धरा, डबा मी धरते."

ते फोन खिशात टाकून निघून गेले. त्यानंतर कुणीच माझ्याशी बोललं नाही. जेवणाच्या टेबलावर माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहू लागली. गावागावांतून जनावरं पडल्याचे फोन मात्र येतच होते.

आज सकाळी आले तर मायक्रोस्कोपच्या खोलीचं कुलूप बदललेलं. आत यंत्र घुमतंय. हार वाळलाय, पण अजून कुणी काढलेला नाही.

दारासमोर खुर्ची टाकून बसलेय. सगळे फोटो माझ्याजवळ आहेत, दुहेरीवाल्यांसकट. सर जिन्यावरून येतायत, बुटांचा आवाज येतोय. त्या दिवशी त्यांनी सांगितलं आणि मी बाहेर थांबले.

आज उठणार नाही. कुलूप त्यांनाच उघडावं लागेल, माझ्यासमोर.