संकटमोचन फ्लॉपी

तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. माझ्या हातून घोळ पुष्कळ झाले. पण ज्या घोळामुळं दारात पंधरा बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या, असा हा एकच. हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. शेवटाकडं मला स्वतःला अजून हसू येत नाही.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. पाऊस लागोपाठ दगा देत होता. मी एका सहकारी साखर कारखान्यात कारकून, राहायला तेरला. अशात आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. एकच. पण त्याच्या खोलीला एसी बसवला, जाड पडदे लावले, बाहेर चपला काढायची पाटी लागली. गावोगाव टँकरपुढं घागरींच्या रांगा, आणि आमचा कॉम्प्युटर गारव्यात बसलेला!

मला सोलापूरला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. गेलो तेव्हा सुधाकर कारकून होतो, आलो तो ऑपरेटरसाहेब होऊन. माझी चालसुद्धा बदलली, असं बायको सांगते.

कॉम्प्युटरवर काय होतं? ऊसनोंदीची यादी. कुणाचा ऊस, कुठल्या गावचा, लागण, म्हणजे लावणी, कोणत्या तारखेची. त्या तारखेवरून तोडणीची पाळी ठरायची. विहिरी आटलेल्या, ऊस उभ्या उभ्या वाळत चाललेला. पाळी आठ दिवस मागं गेली तर माणसाच्या हाती नुसती चिपाडं. म्हणजे ती यादी हा काही खेळ नव्हता.

आधी हीच यादी शेतकी विभागातले माणिकराव हातानं करायचे. सेवानिवृत्तीला आलेला माणूस, धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं. वीस वर्षांच्या लागणी त्यांच्या डोक्यात. एकदा ते यादी बघून म्हणाले, "सुधाकरराव, ह्या माणसाची तारीख चुकल्यावानी वाटतीया." आम्ही तपासलं, तर मशीन बरोबर निघालं. चेअरमनसाहेब समोर बसलेले. मी म्हणालो, "माणिकराव, आता डोक्याला विश्रांती द्या. मशीन सांगेल तसं करायचं, आपण डोकं लावायचं नाही." सगळे हसले. माणिकरावही हसले, पण जरा उशिरा.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी बरं. नोंदणीचे फॉर्म पोत्यांत भरून ठेवले होते. यादी मशीनमध्ये गेल्यावर कागद कशाला, म्हणून ती पोती मीच रद्दीत घालवली.

आता फ्लॉपीकडं येतो.

सोलापुरात मास्तरांनी एक गोष्ट घोकून घेतली होती. मशीनच्या पोटातली डिस्क कधीतरी बिघडते. त्या दिवसासाठी एक फ्लॉपी तयार ठेवायची. ती घालून मशीन सुरू केलं, की ते आतली डिस्क पुसून कोरी करतं आणि दुसऱ्या फ्लॉप्यांवरचा माल परत आत भरून घेतं. झालं, मशीन पुन्हा जिवंत. मास्तरांची फ्लॉपी साधी होती. इंग्रजीत प्रश्न विचारायची, आपण उत्तरं द्यायची.

मला साधी चालेल कशी? मी तिच्या सजावटीला लागलो. मशीनला देवनागरी येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं लिहिली. फ्लॉपी घालून मशीन चालू केलं की पडद्यावर यायचं, "नमस्कार. घाबरू नका. मी सगळं नीट करतो." मग टूँ टूँ करत एक सूर वाजायचा. मग "दोन नंबरची फ्लॉपी घाला", "तीन नंबरची घाला", आणि शेवटी "काम फत्ते. आपला, सुधाकर." शाळेत न गेलेल्या माणसानंसुद्धा कुणाकडून वाचून घेऊन मशीन दुरुस्त करावं, अशी सोय. मी तिला नाव दिलं संकटमोचन, आणि लाल शाईनं ते वर लिहिलं.

एक अडचण राहिली. डिस्क पुसण्याआधी मशीन विचारायचं, "सगळं जाईल, खात्री आहे का?" आमच्या चेअरमनसाहेबांना कुणी उलट प्रश्न विचारलेला खपायचा नाही. तिथं यंत्राची काय कथा! मी मशीनला "होय" हे उत्तर आधीच लिहून देऊन ठेवलं. आता ते कुणाला काही विचारणार नव्हतं. या अकलेबद्दल मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली, अक्षरशः, हात मागं नेऊन.

या सजावटीत आठ दिवस गेले. आणि दोन-तीन नंबरच्या फ्लॉप्यांवर खरी यादी उतरवून घ्यायची होती, ती राहिली. अर्ध्या तासाचं काम. उद्या करू म्हटलं. त्या फ्लॉप्यांवर सोलापूरची सरावाची यादी होती. सरावाला नावं कुठली आणणार? मी माझ्याच ओळखीची घातली होती. मेहुणा, कँटीनचा आचारी, माणिकराव. आणि एक नंबरला स्वतः मी. तेर, चाळीस एकर ऊस. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर चार एकर नाही.

एका संध्याकाळी संचालक मंडळाला फ्लॉपी दाखवली. नमस्कार आला, सूर वाजला, मंडळी खूश. पुढं पुसायचं काम सुरू होण्याआधी मी पटकन मशीन बंद केलं. कौतुक ऐकण्यात तेरची एसटी चुकायला आली होती. पळालो. फ्लॉपी मशीनमध्येच राहिली, दोन आणि तीन नंबरच्या शेजारी टेबलावर.

दुसऱ्या दिवशी माझी रजा होती, आणि तोडणीची पहिली यादी छापायची होती. बटण कुठलं, छापायचं कसं, हे माणिकरावांना मी आधीच शिकवून ठेवलेलं. मी घरी निवांत.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात घुंगरं वाजली. बाहेर येऊन बघतो तो बोळात बैलगाड्यांची रांग. बायाबापड्या, कोयते, चुलीचं सामान, गाडीत झोपलेली लेकरं. पुढं ऊसतोड टोळीचा मुकादम, हातात कारखान्याची तोडचिठ्ठी.

"सुधाकरराव तुमीच का?"

"मीच."

"उसाचा फड दावा. पैली पाळी तुमची हाय."

"कसला फड?"

त्यानं चिठ्ठी पुढं केली. माझं नाव, गाव तेर, चाळीस एकर. मी ती तीनदा वाचली. बायको मागून डोकावली. आमच्या दोन खोल्या, पुढं तुळशीचा कट्टा आणि कढीपत्त्याचं एक झाड.

मुकादमानं घराभोवती नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "चाळीस एकर कुटं ठिवलंय, सायेब?"

सगळा बोळ जमला होता. चाळीस एकर हा आकडा जगात कुठल्या यादीत आहे, ते मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मिळेल त्या गाडीनं कारखान्यात पोचलो. माणिकराव दारातच भेटले. चेहऱ्यावर केवढं समाधान!

"तुमी न्हवताव, पर आमी काम अडू दिलं न्हाय," ते म्हणाले. "मशीन चालू केलं तर त्यानं नमस्कार केला. घाबरू नका म्हनलं. आमी काय घाबरलो न्हाय. मग दोन नंबरची मागितली, ती दिली. तीन नंबरची मागितली, ती बी दिली. फत्ते म्हनलं. मग यादी छापली."

मी खुर्चीत बसलो. दोन महिने खपून भरलेली हजारावर नावं, ती सगळी पुसून मशीननं त्या जागी माझे मेहुणे बसवले होते.

"माणिकराव, त्या यादीत तुमचं नाव होतं. तुम्हाला शंका आली नाही?"

"आली की. माझ्या नावावर सा एकर ऊस. म्या बायकोला बी इचारलं, आपला ऊस हाय का कुटं?"

"मग बोलला का नाही?"

त्यांनी टोपी सारखी केली. "मागल्या खेपंला बोललो तर चारचौघांत हसलाव. म्हनलं, डोकं लावायचं न्हाय."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं.

चेअरमनसाहेबांनी मला उभं करून एवढंच विचारलं, "यादी परत कशी करायची?" माणिकराव मागून म्हणाले, "नोंद करताना शेतकऱ्याला अर्धी पावती दिल्ती, सायेब. ज्याच्या त्याच्या घरी असंल. घरोघर जाऊन उतरून घ्यावी लागंल." गावं वाटून दिली. पहिलं गाव माकणी, ते माझ्याकडं. तोवर तोडणी बंद. म्हणजे ऊस आणखी वाळणार.

सकाळच्या एसटीनं माकणीला उतरलो. काखेत वही, आणि वाटभर एकच विचार. लोकांना सांगायचं काय? पहिल्या घरी आजोबा बाजेवर बसलेले. त्यांनी विचारलं, "काय झालं म्हनं यादीला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मशीनमध्ये बिघाड झाला, बाबा." ते "आस्सं" म्हणाले. पावती दिली, चहा दिला. गावात टँकर दोन दिवसांआड येत होता, तरी चहा दिला.

दुसऱ्या घरी बिघाड जरा मोठा झाला. तिसऱ्या घरी मी विजेच्या दाबावर घातलं. पाचव्यापर्यंत पुण्याच्या कंपनीनं मशीनच सदोष पाठवलं होतं. लोक मान हलवायचे, "आस्सं" म्हणायचे, आणि चहा यायचा. सात घरं झाली, सात कप झाले. मला वाटलं, निभावलं.

आठवं घर बौद्धवाड्यातलं, गयाबाईंचं. नवरा वारलेला, मुलगा बाहेरगावी नोकरीला, दीड एकर ऊस एकटीनं सांभाळलेला. विहिरीनं तळ गाठलेला. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पावती काढली. तारीख अर्धी पुसलेली, आकडा १ म्हणूनही वाचता येईल असा आणि ७ म्हणूनही.

मी म्हणालो, "मावशी, एक धरू का? पाळी आधी येईल."

"सात हाय," त्या म्हणाल्या. "म्या माझ्या हातानं कांड्या लावल्या, मला ठावं न्हाय व्हय? एक धरलं तर दुसऱ्या कुनाचा तरी मागं जाईल."

मी सात लिहिलं. त्यांनी चहा पुढं ठेवला आणि समोर बसल्या. "मशीनला काय झालं म्हनं?"

कप तोंडाशी नेला. त्यांचा वाळत चाललेला फड मी येतानाच बघितला होता. पानं कडेनं पिवळी पडलेली. खाली ठेवला कप.

"मशीनला काही झालं नाही, मावशी. मी केलं. पुसायची फ्लॉपी आतच विसरलो, खरी यादी उतरून ठेवली नाही, कागदही मीच रद्दीत घातले. माझ्यामुळं तुमचा ऊस फडात उभा आहे."

त्या पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"समदं. त्या मुकादमाची टोळी काल ह्याच गावात मुक्कामाला हुती. चाळीस एकराचं सांगून सांगून हासत हुते. तुमी एसटीतून उतरलाव तवाच गावाला कळलं, त्योच मानूस आलाय."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"काय बोलायचं? म्हनलं बगू, सोताहून सांगतो का." त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "तुमी आठव्या घरी सांगितलाव. प्या आता. निवतोय."

प्यायलो. उठलो, वही काखेत घेतली. दारापर्यंत सोडायला आलेल्या गयाबाई म्हणाल्या, "फुडच्या घरला जायच्या आधी मागली सात घरं करून या."

दुसरा रस्ताच नव्हता. पहिल्या घरचे आजोबा अजून बाजेवरच होते. मला परत आलेलं बघून आत तोंड करून सुनेला नुसतं म्हणाले, "च्या ठिव गं."

त्या दिवशी, टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या माकणीत, मी एकटा पंधरा कप चहा प्यायलो. त्यातले सात खोटं बोलून मिळाले होते. खरं बोलल्यावर मिळालेले आठ त्याहून गोड होते, असं मी म्हणेन असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही नाही. ते आठ गळ्याखाली उतरता उतरत नव्हते.