उशीर नेमका कुठे होतो

ताई आणि मी अठरा वर्षं एकाच खोलीत काम करतोय. आमची दातांची प्रयोगशाळा आहे. म्हणजे दंतवैद्य त्यांच्या रुग्णांच्या तोंडाची मापं पाठवतात आणि आम्ही कवळ्या बनवून परत पाठवतो. मी प्लास्टरचे साचे ओततो. ताई मेणात एकेक दात बसवतात आणि शेवटचं घासकाम करतात. एखादा दात केसभर उंच राहिला तरी घालणाऱ्याचा जबडा दुखतो, म्हणून त्या कवळी डोळ्यांपाशी धरून फिरवत बसतात आणि मनासारखी होईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत.

एक्कावन्नाव्या वर्षी या ताई एका नागाच्या मागे हात धुऊन लागल्या.

नाग कॉम्प्युटरमधला. लग्न नवीन असताना त्या एक ऑनलाइन खेळ खेळायच्या. एकाच जगात हजारो माणसं, आणि प्रत्येकाने आपलं काम निवडायचं. कोणी ढाल घेऊन पुढे उभं राहायचं, कोणी बाण मारायचे. ताई वैदू होत्या. लढणाऱ्यांच्या जखमा भरायच्या, एवढंच त्यांचं काम. सगळ्यात खोल गुहेत तीन फण्यांचा नाग होता आणि त्याला मारायला चाळीस जण लागायचे. ताईंच्या टोळीने एकतीस वेळा प्रयत्न केला आणि एकतीस वेळा मार खाल्ला. मग कंपनीने खेळच बदलला. रस्ता दाखवायला बाण आले, चालायच्या ऐवजी उडायची सोय झाली आणि नाग इतका मऊ केला की तिघांनी जेवता जेवता मारावा.

"मग मारलात का?" मी विचारलं.

"नाही. तो नाग तो राहिलाच नव्हता. मी खेळ बंद केला आणि संसाराला लागले."

गेल्या वर्षी काही हौशी लोकांनी तोच खेळ जुन्या नियमांसकट, जुन्या कटकटींसकट पुन्हा सुरू केला. ताईंच्या मुलीने दुसऱ्या शहरातून फोन करून ही बातमी दिली आणि त्याच संध्याकाळी ताईंनी आपला वैदू पहिल्या पायरीवर उभा केला.

गुहेत शिरायला ताकदीच्या साठ पायऱ्या चढाव्या लागतात, लढून लढून एकेक. एकट्या वैदूला साधं रानडुक्कर मारायला चार मिनिटं. एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जायला पाव तास. जुने जाणते लोक नवख्यांना हाताला धरून भराभर वर नेतात, पण ताईंना ते नको होतं. त्यांचे यजमान गाडी चालवायला शिकवतात. ते म्हणाले, "अगं, जा की कोणाच्या तरी मागून. पाय दुखत नाहीत का त्या बाहुलीचे?"

"अहो, तुम्ही शिकणाऱ्याला मागच्या सीटवर बसवून शिकवता का?"

ताईंना साठावी पायरी गाठायला पाच महिने लागले.

मग त्यांनी एक टोळी शोधली. तिच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणतात. हा इस्पितळात परिचारक आहे, पाळ्यांमधून वेळ काढून दर रविवारी दुपारी चाळीस जणांना गुहेत नेतो. पहिल्याच रविवारी ताई त्यांच्याबरोबर गेल्या. सात वेळा सगळे मेले, आणि त्यातल्या तीन वेळा ढालवाला पडला तो ताईंची मदत पोचायला उशीर झाला म्हणून. एक जण हेडफोनमधून म्हणाला, "आजींना झोप लागली वाटतं." काही जण हसले. कप्तान हसला नाही, पण लढाई संपल्यावर त्याने ताईंना एकटीला बाजूला घेतलं. ते बोलणं ताईंनी सोमवारी मला जसंच्या तसं ऐकवलं.

"ताई, राग मानू नका. पुढच्या रविवारी दुसऱ्याला घेतो."

"घ्या. पण माझा उशीर नेमका कुठे होतो ते सांगा."

"आता काय सांगू... वयाप्रमाणे हात थोडा..."

"वय हे उत्तर मला चालणार नाही. कवळी टोचते म्हणून माणूस आला तर तुमचं वय झालं असं मी सांगत नाही. कुठे टोचते ते बघते."

कप्तानने सबंध लढाईचं चित्रण पाठवून दिलं.

जेवणाच्या सुट्टीत ताई फोन साच्याला टेकवून ते बघायच्या. डबा एका हाताला, वही दुसऱ्या हाताला. अकरा वेळा पाहिलं. आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला वही दाखवली. उशीर दोन जागी होत होता. कोण किती जखमी आहे हे दाखवणाऱ्या बारीक पट्ट्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात होत्या, आणि चष्म्याच्या खालच्या भिंगातून बघायला ताईंना दर वेळी हनुवटी उचलावी लागत होती. त्या पट्ट्या मोठ्या करून मधोमध, खाली आणता आल्या. दुसरी अडचण जास्त किचकट होती. घासकाम करून करून त्यांचा अंगठा सांध्यात आखडलाय, त्यामुळे बटण चुकेल या भीतीने नजर खाली कीबोर्डकडे जायची.

"मला थोडं प्लास्टर लागेल," त्या म्हणाल्या.

त्यांनी मेणात स्वतःच्या बोटांचे ठसे घेतले, मी साचे ओतले, आणि हिरड्यांसाठी वापरतो त्याच गुलाबी प्लास्टिकची त्यांनी सहा टोपणं बनवली, कीबोर्डच्या बटणांवर बसणारी. एक गुळगुळीत, एकावर खाच, एकावर दाणा. बोट ठेवलं की न बघता कळावं कोणतं बटण ते. अंगठ्याचं टोपण तिरकं केलं, म्हणजे सांधा वाकवायला नको. आमच्या मालकीणबाईंनी टेबलावरून एक उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"हे कोणाच्या तोंडातलं?"

"माझ्या हातातलं," ताई म्हणाल्या आणि ते परत घेतलं.

दीड महिना त्यांनी रोज सकाळी कामावर यायच्या आधी चाळीस मिनिटं सराव केला. खेळात जखमी सैनिकांची एक छावणी आहे, तिथे कितीही बरे केले तरी नवे जखमी येतच राहतात. तिथेच त्या ठाण मांडून बसायच्या. नंतर कप्तानला कळवलं की मी तयार आहे.

"जागा भरली आहे, ताई."

"मग बाहेर बसते. कोणी आलं नाही तर हाक मारा."

तीन रविवार त्या गुहेच्या दारात बसून राहिल्या आणि कोणी हाक मारली नाही. चौथ्या रविवारी एका वैदूची आजारी मुलगी त्याला उठू देईना, आणि ताईंना आत घेतलं. त्या दिवशी मी त्यांच्या घरी होतो. चहाला म्हणून गेलो आणि खुर्ची ओढून मागे बसलो.

मला खेळातलं काही कळत नाही. पण ताईंचा चेहरा मला कळतो. कवळी फिरवताना असतो तसाच होता. मान हलत नव्हती, नजर खाली जात नव्हती. बाकीचे एकमेकांचं बोलणं ऐकू यावं म्हणून खेळाचा आवाज बंद ठेवतात. ताईंनी एका कानात तो चालू ठेवला होता, कारण विष ओकण्याआधी मधला फणा श्वास आत ओढतो हे त्यांना जुन्या लढायांपासून ठाऊक होतं. श्वास आला की त्या शांतपणे म्हणायच्या, "विष. डावीकडे व्हा." आधी कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या डावापासून चाळीसच्या चाळीस जण त्यांच्या शब्दासरशी हलायला लागले.

पाचव्या डावात नाग अगदी मरायला टेकला असताना सगळे पडले. हेडफोनमधून सुस्कारे ऐकू आले. कप्तान म्हणाला, "आज एवढंच करू या का? माझी पाळी आहे संध्याकाळी."

"किती वाजता?"

"सहाला."

"आत्ता चार वाजलेत. दहा मिनिटं पाणी प्या, परत जाऊ."

गेले. निम्म्या लढाईत पाच वैदू पडले, ताईंसकट तिघे उरले. ताईंची बोटं त्या गुलाबी टोपणांवर न थांबता चालली होती आणि आवाज तोच होता, "विष. उजवीकडे. ढालवाले, मी आहे, हलू नका." मग नाग पडला. हेडफोनमध्ये एवढा गलका झाला की मला तो मागे बसून ऐकू आला. ताईंनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. यजमान चहाचा कप घेऊन आले.

"पडला का?" यजमानांनी विचारलं.

"पडला."

यजमान कप टेबलावर ठेवून त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि पडद्यावरचं ते भलंमोठं धूड बराच वेळ बघत राहिले.

कप्तानने त्याच आठवड्यात ताईंना नव्या वैदूंना शिकवायला सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी तिघं येतात. त्यातला एक जण तीस वर्षं छापखान्यात यंत्रांशेजारी उभा राहिलेला, त्याला ऐकू जवळजवळ येत नाही. त्याने लिहून कळवलं की नागाचा श्वास काही आपल्याला सापडायचा नाही, तेव्हा आपण जागा सोडतो. ताईंनी ते वाचलं तेव्हा हातात एक खालची कवळी होती. ती बाजूला ठेवून त्यांनी उत्तर लिहिलं, "सोडू नका. श्वास घेताना तो मान किती मागे नेतो ते मी पाहून ठेवते. गुरुवारी लवकर या."