चिआंग माईतलं भरीत

आबा वांगी विकत घेत नसत, त्यांची परीक्षा घेत. पिंप्राळ्याच्या बाजारात भाजीवालीसमोर उकिडवे बसायचे, एकेक वांगं तळहातावर तोलायचे, बोटानं टिचक्या मारून बघायचे आणि देठाजवळ नाक नेऊन हुंगायचे. जड वांगं नापास, कारण आत बिया. दहा किलो वांगी निवडायला तासभर लागे, पण भाजीवाली चकार शब्द काढत नसे. आबांनी जिच्याकडून वांगी नेली, तिची उरलेली टोपली दुपारपर्यंत रिकामी होई.

आमच्या कॉलनीत त्यांना भरीतवाले आबा म्हणत. मूळचे नरडाण्याकडचे. उभी हयात केळीच्या ट्रकवर चालक म्हणून गेली आणि रावेरच्या मळ्यांत माल भरेपर्यंत ताटकळताना ते भरीत करायला शिकले. हिरवी लांबट वांगी तेलाचा हात लावून कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत लाकडी भांड्यात ठेचायची, मग कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून फोडणीला टाकायची. शेवटी एक बोट जिभेला लावून ते डोळे मिटायचे आणि अंदाजानं मीठ टाकायचे. दुसऱ्यांदा चाखताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचा.

मग कोरोनाच्या साथीत आबा आजारी पडले. माणूस वाचला, पण वास गेला आणि वासाच्या मागोमाग चव गेली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात कॉलनीचं भरीत त्यांनीच केलं आणि मीठ दोनदा पडलं. पहिल्या घासालाच सगळ्यांना कळलं. पण आबांना सांगणार कोण? आम्ही पाण्याचे पेले रिचवत "छान झालंय" म्हणत राहिलो. सगळ्यांत मोठ्यानं मी म्हटलं, मी, जिनं तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं. जेवणं झाल्यावर पत्रावळी उचलायला आबा स्वतः गेले. पत्रावळीपत्रावळीवर भरीत तसंच पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले. चिडले नव्हते; चिडले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, "तुम्हीन तरी सांगानं व्हतं, मॅडम." आणि गेले. ठेचायचं लाकडी भांडं माळ्यावर गेलं आणि तीन हिवाळे तिथंच राहिलं. बाजारात आबा दिसले तरी वांग्यांकडे पाठ करून उभे असत. त्या तीन वर्षांत मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीतल्या आठ जणांनी चार दिवस थायलंडला जायचं ठरवलं आणि काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "घरमा बसी बसी हाऊ माणूस सुकी चालना, मॅडम. याले संगे लई चला," तेव्हा मी ताबडतोब दोन नावं वाढवली. आबा कुरकुरले. "मी दिल्ली, कानपूर, लुधियाना बठ्ठं देखेल शे," म्हणाले. खोदून विचारलं तर कळलं, प्रत्येक शहराची त्यांनी फक्त मंडी पाहिली होती. माल उतरला की परत.

आम्ही बँकॉकला न थांबता थेट चिआंग माईला गेलो. त्या देशातलं ते दुसऱ्या नंबरचं शहर, अशी कुणीतरी माहिती पुरवली. त्यावर आबा म्हणाले, "बरं शे. पहिला नंबरवालासले भलता माज ऱ्हास." शहर खरोखरच बिनमाजाचं आणि भारी हौशी निघालं. जुन्या गावाभोवती पाण्याचा खंदक, गल्लीगल्लीत सोनेरी कळसांची देवळं, आणि रविवारी संध्याकाळी तर मुख्य रस्ता गाड्यांना बंद करून अख्खं गाव बाजार करायला, गायला आणि खायला रस्त्यावर. भाड्याच्या लाल गाड्यांत दोन्ही बाजूंना बाकं होती, आपल्याकडच्या काळीपिवळीसारखी. आबा हटकून पुढं चालकाशेजारी बसायचे आणि त्याच्या गिअर टाकण्यावर लक्ष ठेवायचे.

पण बाजारात ते गप्प व्हायचे. तळणीचे धूर, फुलांचे ढीग, कापलेली फळं यांच्यामधून ते हात मागं बांधून चालत राहायचे. मी विचारलं, दमलात का? म्हणाले, "माले हाऊ बाजार मुका वाटस."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेर एका घरी तिकडचा स्वयंपाक शिकायला गेलो. शिकवणारी बाई पन्नाशीची, ठेंगणी, हसरी. आम्ही तिला मावशीच म्हणू लागलो. आमच्याखेरीज निरनिराळ्या देशांचे सात-आठ जण होते. आबा लांब, झाडाखाली पाठ टेकून बसले होते. मावशीनं शेगडीत कोळसे फुलवले आणि त्यांवर चक्क हिरवी लांबट वांगी मांडली. शेजारी हिरव्या मिरच्या आणि सालासकट लसूण. काकूंनी मला कोपरानं ढोसलं. मी झाडाकडे पाहिलं. आबा सरळ बसले होते.

वांगी भाजून मऊ झाली. मावशीनं एक उचललं आणि साल काढण्यासाठी पाण्याच्या वाडग्याकडे नेलं. तेवढ्यात आबा झाडाखालून उठून आले कधी ते कळलंच नाही, त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. "पानी नको लावू, माय. चव वाही जाई."

सगळे थिजले. परक्या मुलखात परक्या बाईचा हात धरलेला. मी इंग्रजीत माफी मागायला लागले. मावशीनं मला हातानं थांबवलं, आबांकडे पाहिलं, वाडगा बाजूला सारला आणि आपलं बुटकं स्टूल त्यांच्या पुढं सरकवलं.

आबा बसले. चटके खात, फुंकर मारत त्यांनी नुसत्या बोटांनी सालं सोलली. दगडी खलात आधी मिरची, मग लसूण, मग वांगं. हात जराही विसरला नव्हता. शेजारी मीठ होतं. तिथं मात्र तो हात थांबला. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खल माझ्यापुढं धरला. "मॅडम, आते खरं सांगा."

मी चाखलं. धुराची ती चव जिभेवर आली आणि डोळे भरून आले. "छान" हा शब्द ओठांवर आलाच होता. तो गिळला आणि म्हटलं, "मीठ कमी आहे, आबा. बरंच कमी आहे. आणि अजून एक मिरची लागेल."

त्यांनी मीठ घातलं, मिरची ठेचली, खल पुन्हा पुढं. "अजून थोडं." पुन्हा खल. "आता बास." आबा हसले, तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि खल मावशीकडे दिला. मावशीनं खाल्लं, डोळे विस्फारले आणि कुंपणाशी जाऊन शेजारणींना हाका मारल्या. त्या परातभर वांगी घेऊनच आल्या. ठरलेले पदार्थ बाजूलाच राहिले. दुपारपर्यंत आबा स्टुलावर आणि शिकवणारी मावशी त्यांच्यासमोर जमिनीवर, मी मध्ये चाखायला. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती आणि कुणाचं काही अडलं नाही.

परतताना लाल गाडीत आबा पुढं बसले नाहीत, माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "नाक गयं ते गयं. जीभ उसनी मियस." "मिळते की," मी म्हटलं.

घरी आल्या आल्या माळ्यावरचं भांडं खाली आलं. त्या हिवाळ्यात रावेरच्या एका मळ्यात त्यांनी दोनशे माणसांचं भरीत केलं आणि भर मळ्यात हाक मारली, "मॅडम, जीभ आना." माणसं हसली, आबा त्यांच्याहून जास्त हसले. चव आहे तोवर काही लपवायचं नाही आणि गेल्यावर तर मुळीच नाही, असा त्यांचा नवा खाक्या. कॉलनीतल्या आणखी चार जिभा त्यांनी तयार केल्या, कारण निवृत्तीनंतर मी धुळ्याला राहायला जाणार होते.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या घराची वास्तुशांत झाली. आबा सकाळच्या एसटीनं वांगी घेऊन आले, तीही तासभर पारखून घेतलेली. पाहुणे ताटकळले होते. भरीत झालं तशी आबांनी पळी माझ्यापुढं धरली. मी चाखलं. खूप शोधलं, पण दोष सापडेना.

"काहीच घालू नका," मी म्हटलं.

आबांनी क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मिठाच्या डब्याचं झाकण लावलं आणि काकूंना सांगितलं, पानं वाढा.