आग्रहाचा लाडू आणि ध्रुवीची फी

आमच्या जामनगरच्या समाजात कुणाच्या मुलीला नाच येतो, कुणाच्या मुलीला गाणं येतं. हर्षदभाईंच्या ध्रुवीला माणसं यायची. लहानपणापासून ही पोरगी समोरच्याकडे टक लावून बघायची आणि घरी जाऊन दिसेल त्या कागदावर त्याला काढायची. एकदा माझंही चित्र काढलं: दमुबेन समाजवाडीच्या, म्हणजे आमच्या समाजाच्या हॉलच्या, किल्ल्या घेऊन निघाल्या आहेत. कंबर किती रुंद काढावी याला काही मर्यादा! मी तिला चांगली झापली आणि चित्र गुपचूप घरी घेऊन आले.

पुढे तिनं अ‍ॅनिमेशनची पदवी घेतली आणि अहमदाबादला पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तिचा नंबर लागला. सोमवारपर्यंत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. हर्षदभाईंचं पितळकामाचं एकच लेथ. त्यावर घर चालतं तेच नशीब. उरला समाजाचा ट्रस्ट.

ट्रस्टनं आजवर डॉक्टर केले, सीए केले. कार्टूनवाल्या पोरीला मदत द्यायची म्हटल्यावर उपाध्यक्ष गोकळदास म्हणाले, उद्या लोक पतंग उडवायलाही पैसे मागतील. अध्यक्ष रणछोडकाका म्हणाले, पोरीचं काम बघू, मग ठरवू. बघायचा दिवस अर्थातच समाजाच्या जेवणाचा. त्या दिवशी ट्रस्टी स्वतः पंगतीत वाढतात, आणि आग्रह असा की 'नको' म्हणणाऱ्याचा हात धरून लाडू तोंडात कोंबायचा. यात डावा पाय ओढत पंगतभर फिरणाऱ्या रणछोडकाकांचा हात धरणारा कोणी नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा समाज पोट धरून झोपतो आणि जेवण काय झालं म्हणून सांगत सुटतो.

पंगती उठल्या, ट्रस्टी जेवले, पान लावून गादीवर टेकले आणि मग ध्रुवीला आत बोलावलं. तिनं भिंतीवर फिल्म लावली. मी बघते तर काय, आमचीच वाडी! एक पोट सुटलेला गृहस्थ डावा पाय ओढत लाडवांचं ताट घेऊन येतो. एक काटकुळा पाहुणा आधी ताटावर आडवा होतो, मग टेबलाखाली शिरतो, शेवटी पंख्याला लटकतो. लाडू तिथेही पोचतो.

रणछोडकाका हसून हसून लाल झाले. डोळे पुसत म्हणाले, हा तर आपला गोकळ, हुबेहूब! गोकळदासांनी तीस वर्षं असल्याच संधीची वाट बघितली असावी. ते शांतपणे म्हणाले, "पाय कोण ओढतो, ते बघा."

काकांचं हसू थांबलं. ते ध्रुवीकडे वळले. "बेटा, तूच सांग. कोण आहे हा?"

मी त्यांच्या पाठीमागून गोकळदासांकडे बोट दाखवत होते. घे बाई त्यांचं नाव, फी पदरात पाड आणि सूट! मनातल्या मनात सगळे देव पाण्यात ठेवले.

"तुम्ही, काका," ध्रुवी म्हणाली.

झालं! गेलं अहमदाबाद. मला इतका राग आला तिचा, की काय सांगू.

काका म्हणाले, परत लाव. या वेळी कोणी हसलं नाही. पाहुणा पंख्याला लटकला, तसे ते उठून भिंतीपाशी गेले आणि थांबव म्हणाले.

"मी याच्या तोंडाकडे बघतच नाहीये," ते म्हणाले. "एकदाही नाही."

"तुम्ही लाडवाकडे बघता," ध्रुवी म्हणाली. कुठे गप्प बसावं हे या पोरीला कळेल तर शपथ.

काका वळून गादीकडे आले. मग गोकळदासांना म्हणाले, दोन्ही वर्षांची फी मंजूर म्हणून लिही. गोकळदास काही बोलायला गेले, तर म्हणाले, आणि तोंड मिट.

मग ते ध्रुवीकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते. हा माणूस बोलताना नेहमी समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघतो. आज तसं नव्हतं.

"बेटा, तू जेवलीस का?"

इतका वेळ खांबासारखी उभी असलेली पोरगी एकदम रडायलाच लागली. सकाळपासून ती बाहेरच्या बाकावर बसून होती, आणि आम्ही तिच्यासमोरून ताटं नाचवत अख्ख्या समाजाला कोंबून कोंबून जेवायला घालत होतो.

"नाही, काका," ती म्हणाली.