सात वर्षांचे साहेब

ऑफिसात तिला सगळे कुलूपताई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि ती ओ देत असे. इतर माणसं आधी सामान ठेवतात आणि मग कुलूप लावतात. ही आधी कुलूप लावायची आणि मग सामान आत कसं न्यायचं याचा विचार करायची. घरातून निघताना दार ओढून घ्यायची, कुलूप दोनदा हिसडून बघायची, आणि जिन्यात तिला आठवायचं की सासूबाई घरातच असतात आणि नवरा अजून आत अंघोळीला आहे. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. ते उशिरा उघडलं की गिऱ्हाइकं आता कारणही विचारत नसत.

कंपनीचं काम म्हणजे दवाखान्यांचा डेटा सांभाळणं. लोकांची मोडलेली हाडं, सुजलेली यकृतं, अजून न जन्मलेल्या बाळांचे धुरकट फोटो, सगळं येऊन पडायचं ते तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत. तिथे माणसाच्या उंचीच्या काळ्या कपाटांतून पंखे घोंगावत असायचे आणि निळे दिवे लुकलुकायचे. या खोलीची मालकीण कुलूपताई. भर उन्हाळ्यातही ती स्वेटर घालून कामाला जायची, आणि पंख्यांच्या आवाजावर बोलायची सवय लागल्यामुळे घरी साधं मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळायचं.

सासूबाईंना हे काम तिने एकदा समजावून सांगितलं होतं. रोज लागणारं ते टेबलावर, अधूनमधून लागणारं कपाटात, आणि कधीच न लागणारं पण टाकवत नाही ते माळ्यावर. सध्या सगळ्या कंपन्या आपला माळा दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतात आणि त्याला क्लाउड म्हणतात.

"आणि चोर?" सासूबाईंनी विचारलं.

"चोर आता काही नेत नाहीत, आई. आत शिरतात, आपल्याच सामानाला त्यांचं कुलूप लावतात आणि किल्लीचे पैसे मागतात. म्हणून हल्ली नियमच आहे, कोणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. आतला असो की बाहेरचा, दर वेळी ओळख विचारायची."

"हे तर मी तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून पाळते आहे," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्यांचं बाहेर जाणं बंद झालं होतं. पण सुनेच्या ऑफिसातला प्रत्येक माणूस त्यांना आवाजाने ओळखीचा होता. कारण कुलूपताईला एक अंग होतं जे ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. ती नकला करायची. लहानपणी मावशीची नक्कल केली म्हणून तिला एक पूर्ण सुट्टी मावशीकडे बोलावलं गेलं नव्हतं. मोठेपणी तिने ही कला स्वयंपाकघरापुरती ठेवली. सासूबाई लसूण सोलत बसायच्या आणि म्हणायच्या, "आज कोण आलं होतं?" मग ओट्याशी एकेक जण येऊन जायचा. सगळ्यात जास्त मागणी होती मोठ्या साहेबांना.

मोठे साहेब म्हणजे कंपनीचे मालक. 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणून ते बोलायला उभे राहिले की लोक खुर्चीत नीट टेकून बसत. मध्येच ते पाणी पीत, आणि तो घोट घशातून खाली जाताना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येई. क्लाउड म्हणताना ते बोट वर, छताकडे दाखवत. वरच्या मजल्यावर हिशेबाचा विभाग होता; तिथल्या लोकांनाही आताशा आपण ढगात आहोत असं वाटू लागलं होतं.

सासूबाईंना हा घोट इतका आवडला, की दुपारी एकट्या असताना ऐकायला म्हणून त्यांनी तो रेकॉर्ड करून मागितला. कुलूपताईने मोठ्या साहेबांचं एक अख्खं भाषण करून दिलं. फाइलला नाव दिलं 'साहेब थोडक्यात'. आणि तिचा स्वभावच असा, की कोणतीही गोष्ट एका जागी ठेवून तिला झोप लागत नसे. एक प्रत सासूबाईंच्या फोनवर गेली, एक घरच्या डिस्कवर, आणि एक तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर, 'चाचणी' नावाच्या फोल्डरमध्ये.

पुढचं सगळं या फोल्डरमुळे झालं.

त्या वर्षी कंपनीने नवी तिजोरी उभारायला घेतली. तिजोरी म्हणजे डेटा ठेवायची अशी जागा, जिथे ठेवलेली फाइल ठरलेल्या मुदतीपर्यंत बदलता येत नाही आणि पुसताही येत नाही. चोर आत शिरला तरी त्याच्या हाती काही लागू नये म्हणून. तिजोरीला दोन प्रकारची कुलपं होती. एक मऊ, जे वरिष्ठांना उघडता येतं. दुसरं पक्कं, जे कोणालाच उघडता येत नाही. कुठलं घ्यायचं यावर बैठक झाली, तेव्हा कुलूपताई पहिल्यांदाच सगळ्यांसमोर ताठ उभी राहून बोलली होती. "पक्कंच हवं. उद्या कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवली, तरी मला पुसता येता कामा नये." मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि थोडक्यात सांगायला उठले.

रीत अशी असते, की आधी कुलूप न लावता चाचणी घ्यायची, फाइली आत टाकून बाहेर काढून बघायच्या, आणि मग कुलूप लावायचं. कुलूपताईने आधी कुलूप लावलं. पक्कं, सात वर्षांचं. मग चाचणीसाठी सामान हवं म्हणून रुग्णांच्या फाइलींना हात न लावता, कारण ते तिच्या तत्त्वात बसत नव्हतं, आपलं 'चाचणी' फोल्डर उचललं आणि आत ढकललं. सगळं झकास चाललं. त्याच संध्याकाळी दवाखान्यांच्या फाइली आत यायला लागल्या आणि येतच राहिल्या.

दोन दिवसांनी तिजोरीत काय काय आलं ते बघताना यकृतं आणि फुप्फुसं यांच्या मधोमध तिला दिसलं: 'साहेब थोडक्यात'.

तिने पुसायचा प्रयत्न केला. तिजोरीने नकार दिला. तिने आपले सगळे अधिकार वापरले. तिजोरीने तितक्याच शांतपणे नकार दिला. तिने फाइल यादीतून झाकली. झाकता येत होती. पण पूर्ण यादी मागितली की झाकलेलंही बाहेर यायचं. एकच मार्ग उरत होता, अख्खी तिजोरीच मोडीत काढायची, आतल्या लाखो हाडांसकट.

शेजारच्या टेबलावर नेटवर्क बघणारा सहकारी बसायचा. त्याला सगळे जावई म्हणत, कारण तो काही काम करत नसे आणि कोणी त्याला काही बोलत नसे. कुलूपताईने त्याला अमुक एका फाइलीबद्दल, असं मोघम विचारलं.

"ताई, तुम्हीच बनवलीय ना? मग नाही निघणार," जावई कौतुकाने म्हणाला. "तुम्ही लावलेलं कुलूप कोण काढणार? का? काही चुकून गेलं का आत?"

"छे."

"नाही, चेहरा पडलाय म्हणून विचारलं. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे ना."

तपासणी होतीच. दवाखान्यांच्या एका मोठ्या संस्थेने आपला सगळा डेटा या कंपनीकडे द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं, पण त्यांच्या तपासनीस बाई आधी तिजोरी पाहणार होत्या. पूर्ण यादीसकट. मोठ्या साहेबांच्या समोर. आणि मागे एका माणसाने साहेबांच्या घोटावर चहाच्या टेबलाशी विनोद केला होता, तो आता दुसऱ्या कंपनीत आहे.

रात्रीच्या जेवणाला कुलूपताईने घरी सांगून टाकलं की आपली नोकरी जाणार. नवरा म्हणाला, दुकानात बसशील. सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या दुकानाला ही कुलूप लावेल आणि तो आत राहील." मग थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "अगं, तूच आधी जाऊन सांग ना त्या माणसाला. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, तपासणीबद्दल एक सांगायचं होतं. माझ्याकडून एक…"

"थोडक्यात सांगा," साहेब म्हणाले, आणि स्वतःच सुरू झाले. तिजोरी, कंपनीचं भवितव्य, स्वतःचं बालपण. छताकडे बोट गेलं. पाण्याचा घोट झाला. तिने तीन वेळा तोंड उघडलं. शेवटी साहेबांनी तिला दारापर्यंत आणून सोडलं आणि म्हणाले, "बरं झालं आलात. बोलून मोकळं वाटलं ना?"

तपासनीस बाई बारीक चणीच्या होत्या आणि त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. सकाळी दारात त्यांनी कुलूपताईचं ओळखपत्र पाहिलं. दोघींनी चहा घेतला, सासवा-सुनांबद्दल बोलणं झालं, आणि खोलीत शिरताना बाईंनी पुन्हा ओळखपत्र मागितलं. कुलूपताईला त्या फार आवडल्या. वेगळ्या दिवशी भेटल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बैठकीच्या खोलीत पडद्यावर तिजोरी उघडली. साहेब पहिल्या खुर्चीत. जावई मागे, बिस्किटांजवळ.

"पूर्ण यादी," बाई म्हणाल्या. "झाकलेलंही. आता मी यातली एक फाइल पुसायला सांगणार. रुग्णाची नको. हे काय आहे? 'साहेब थोडक्यात'?"

"चाचणीची फाइल आहे," कुलूपताई म्हणाली. खरंच होतं ते.

"उत्तम. पुसा."

तिने पुसायला घेतली. नकार आला. बाईंनी मान हलवली. "आता फाइल जशी ठेवली तशीच आहे का, ते बघू. चालवा."

खोलीत मोठ्या साहेबांचा आवाज घुमला. "थोडक्यात सांगायचं तर! आपली ही कपाटं आता विचार करणार आहेत. एआय! म्हणजे आता आपण विचार नाही केला तरी चालेल, आणि आपली तयारी या बाबतीत जुनीच आहे…" मग घोट आला. एवढ्या मोठ्या स्पीकरवर तो घोट नव्हता, मोरीत बादली उपडी केली होती. त्यानंतर, सगळ्यात वाईट म्हणजे, रेकॉर्डिंगमध्ये सासूबाईंचं हसणं.

जावयाने अख्खं बिस्कीट तोंडात कोंबलं आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब."

"पुसा ते."

"येत नाही पुसता."

"मी सांगतोय!"

"तुम्ही सांगितलंत तरी."

साहेबांनी तिला बाजूला सारलं, आपल्या मालकाच्या खात्यातून शिरले आणि स्वतः प्रयत्न केला. नकार. जावयाला बोलावलं. जावयाने नोकरीत पहिल्यांदाच मनापासून काम केलं, नकार. साहेबांनी तिजोरी पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला, ओरडले, विनवण्या केल्या, ओळख सांगितली. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की आपल्या तिजोरीला पक्कं कुलूप आहे, अभिनंदन.

साहेब खुर्चीत बसले. तपासनीस बाई लिहीत होत्या.

"मालकाच्या दबावाखाली फाइल टिकते का, हे आम्हाला नेहमी बघायचं असतं," त्या म्हणाल्या. "पण कुठलाच मालक कधी खरा दबाव टाकत नाही. सगळे नाटक करतात. तुम्ही फार मनापासून केलंत. आमचा डेटा तुमच्याकडे येईल." निघताना त्यांनी कुलूपताईकडे पाहून हळूच विचारलं, "आमची मोठी मॅडम येते का हो तुम्हाला?"

दुपारी साहेबांनी कुलूपताईला खोलीत बोलावलं. ती पर्स घेऊनच गेली.

"थोड…" साहेब म्हणाले आणि थांबले. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तिच्याकडे पाहिलं, आणि तसाच खाली ठेवला. मग ते म्हणाले, "मी खरंच असं पाणी पितो?"

"साहेब, ते थोडं वाढवून…"

"बायको हेच म्हणते. वीस वर्षं म्हणतेय. मला वाटायचं, तिचं आपलं काहीतरी." ते टेबलाकडे बघत राहिले. "तुम्हाला काढणार होतो. पण ते सात वर्षं तिथे राहणार. दर वर्षी कोणीतरी तपासायला येणार आणि विचारणार, हे काय आहे. उत्तर द्यायला माणूस तर हवा. मुदत संपेपर्यंत तुम्हीही राहा."

ती दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला. "पुसता येत नाही. कॉपी करता येते ना?"

"येते, साहेब."

"एक मला पाठवा. घरी ऐकवतो."

त्यानंतर साहेब बदलले. भाषणाला उभे राहत, दोन वाक्यं बोलत, बसत. क्लाउड म्हणताना हात खिशात. पाणी ते बाहेर जाऊन पिऊ लागले. बैठका लवकर संपत, आणि लोक जागेवर परतून एकमेकांकडे बघत बसत, कारण आता काम करण्यावाचून इलाज नव्हता. साहेबांचा तो जुना आवाज राहिला फक्त तळमजल्यावरच्या थंडीत, यकृतांच्या आणि फुप्फुसांच्या मधोमध, सात वर्षांसाठी जसाच्या तसा.

कुलूपताईने स्वयंपाकघरात नव्या साहेबांची नक्कल करून बघितली. उभी राहिली, दोन वाक्यं बोलली, बसली. सासूबाईंनी लसूण सोलायचा थांबवला.

"हा कोण?"

"मोठे साहेब, आई."

"काही राम नाही याच्यात," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुसून आपला फोन जवळ ओढला. "तू जा. मी जुनाच लावते."